आयडेलाबाईंचे ऐंशी एकर

२४ ऑगस्ट
पाऊस पाव इंच. मका छान भरला आहे.

चाळीस वर्षं अशा वह्यांत मी पाऊस आणि उतारा याशिवाय काही लिहिलं नाही. बियाणं कंपनी दर वर्षी फुकट वही देते. या वर्षीची भलतीच जाड आली आहे, म्हणून दोन ओळी जास्त लिहायचं ठरवलं. आर्डिस म्हणाली, "डेल्मर, तुझ्याकडे लिहिण्यासारखं आहे तरी काय?" सदतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचं मत हे असं.

आज आमचा कर्ट दाढी करून, इस्त्रीची पँट घालून आला. लग्नानंतर त्याला एवढा नीटनेटका मी पाहिला नव्हता. आयडेलाबाईंकडे चाललोय म्हणाला, त्यांच्या खिडक्या बघायच्या आहेत. बाई शहाऐंशीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आर्डिसने सोबत दालचिनीच्या रोलचा डबा दिला. खिडक्या बघायला इस्त्रीची पँट कशाला लागते ते कळलं नाही, पण पोरगा शेजारच्या म्हातारीची विचारपूस करतो हे बघून बरं वाटलं.

६ सप्टेंबर
पाऊस नाही.

सकाळी गावातून येताना समोरून व्हर्जिलची पिकअप आली. मी स्टिअरिंगवरून नमस्काराचं बोट उचललं. त्याने उचललं नाही. आमच्या या भागात अनोळखी माणसालाही एक बोट मिळतं, आणि हा तर व्हर्जिल ऑस्टरकॅम्प. रस्त्यापलीकडे त्याचं घर, पन्नास वर्षांची ओळख, माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा राहिलेला माणूस. डोळ्यांवर ऊन आलं असेल. पण ऊन माझ्या डोळ्यांवर होतं, त्याच्या पाठीवर.

११ सप्टेंबर
चर्चमध्ये प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी असते. व्हर्जिल आणि त्याची बायको वेल्मा कॉफीला थांबले नाहीत. मी मनात शोधलं की घोडं कुठे पेंड खातंय. सापडलं. जुलैत चर्चच्या जेवणात मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की व्हर्जिलच्या मक्याच्या ओळी बघून सापालाही लाज वाटेल. सगळे हसले होते. तोही हसला होता. पण माणूस हसतो कुठे आणि लागतं कुठे, सांगता येत नाही.

दिवसभर विचार केला. त्याच्या ओळी वाकड्या आहेत, हे खरं आहे. त्यात माझी काय चूक?

१५ सप्टेंबर
दीड इंच पाऊस. नको तेव्हा.

आमच्या फाट्यावर पत्रपेटीच्या शेजारी खांबांचे खड्डे पाडायचं माझं यंत्र उभं होतं. व्हर्जिलने ते बारा-तेरा वर्षांपूर्वी नेलं होतं. मी विसरूनही गेलो होतो. घासून, पुसून, दांड्याला नवा रंग देऊन ठेवलेलं. शेजारी माझा साखळदंड आणि वासरू ओढायची दोरी. चिठ्ठी नाही.

मी कर्टला म्हणालो, "व्हर्जिलने शेती सोडायचं ठरवलंय की काय? आवराआवर चाललीय त्याची."

कर्ट म्हणाला, "थकले असतील. वय झालं ना बाबा त्यांचं."

"माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा आहे तो!"

कर्ट साखळदंड उचलून शेडमध्ये गेला.

२१ सप्टेंबर
खरं कारण सापडलं. टोमॅटो!

जूनमध्ये मी तणनाशक फवारलं त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. वेल्माची बाग पूर्वेला. तिच्या टोमॅटोची पानं वळली असणार. इतका साधा हिशेब मला दोन आठवडे कळू नये म्हणजे कमाल आहे. दुकानातून चांगल्या टोमॅटोची पेटी घेतली आणि थेट वेल्माच्या दारात गेलो. म्हणालो, "वेल्मा, चूक माझी. वाऱ्याकडे लक्ष द्यायला हवं होतं."

ती पेटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डेल्मर, टोमॅटोचं काय घेऊन बसलास," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पेटी बाहेरच राहिली.

घरी येऊन आर्डिसला सांगितलं, वेल्माचा टोमॅटोवर एवढा जीव असेल असं वाटलं नव्हतं. आर्डिस भांडी घासत होती. तिने एकच पातेलं तीनदा घासलं.

४ ऑक्टोबर
कापणी सुरू. उतारा उत्तम.

अठरा वर्षं आमची रीत अशी: कापणीचं कंबाइन माझं, ट्रॉल्या आणि धान्य वाळवायचं यंत्र त्याचं. आधी माझा मका, मग त्याचा, मग तो आयडेलाबाईंच्या ऐंशी एकरांत करतो तो. ती जमीन बत्तीस वर्षं व्हर्जिलच कसतो. आयडेलाबाईंच्या नवऱ्याने ओट्यावर हातात हात दिला तेव्हापासून. पुढे कोणी कागद मागितला नाही.

आज आयडेलाबाईंच्या शेतात परक्या जिल्ह्यातलं भाड्याचं कंबाइन फिरत होतं. लाल रंगाचं. मी बांधावर पिकअप थांबवली. व्हर्जिल ट्रॉलीपाशी उभा होता. मी ओरडलो, "काय रे, माझं कंबाइन काय गंजलंय?"

"नाही," तो म्हणाला. "तुला त्रास नको."

"अठरा वर्षं त्रास दिलास की लेका!"

"म्हणूनच," म्हणाला आणि ट्रॉलीच्या पलीकडे गेला.

राग आला. खूप आला. रागापेक्षा जास्त म्हणजे काही कळेना. माझ्या मागे कर्ट ट्रॅक्टरवर होता. तो सगळा वेळ आपल्या हातमोज्यांकडे बघत होता.

१९ ऑक्टोबर
सोसायटीच्या काउंटरवर सकाळी आम्ही सहा-सात जण कॉफीला जमतो. फासे टाकायचे, हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे. आज फाशांचा पेला माझ्यापर्यंत आला आणि मर्लने तो पुढच्याच्या हातात दिला. मर्ल म्हणजे सोसायटीचा व्यवस्थापक, जिभेचा तिखट पण मनाचा चांगला. मी म्हणालो, "अरे, मी राहिलो."

"तुला काय गरज? तू सध्या जिंकतोयसच," मर्ल म्हणाला. कोणी हसलं नाही.

मी तीन महिने फाशांत जिंकलेलो नाही.

२४ नोव्हेंबर
थोडं बर्फ. आभार मानायचा सण.

कर्ट, त्याची बायको टॅमी आणि दोन्ही मुली जेवायला होते. टर्की जरा कोरडी झाली होती.  कर्टने प्रार्थना म्हटली आणि शेवटी जोडलं, "पुढच्या वर्षी या वेळी गिरणीची नोकरी सुटलेली असू दे." पशुखाद्याच्या गिरणीत तो आठ वर्षं भरडतोय, संध्याकाळी खोकत घरी येतो. मी म्हणालो, "आमेन." कसं सुटणार, ते मी विचारलं नाही. पोरगा आनंदात असला की खोदून विचारू नये. टॅमीने टेबलाखालून त्याचा हात धरला होता. आर्डिस उठून ग्रेव्ही गरम करायला गेली. ग्रेव्ही गरमच होती.

२३ डिसेंबर
शून्याखाली अकरा.

आर्डिसने दर वर्षीसारखा नाताळच्या बिस्किटांचा डबा वेल्माकडे पाठवला. डबा आज परत आला. स्वच्छ धुतलेला, आणि रिकामा. सदतीस वर्षांत तो डबा रिकामा आलेला नाही.

मी म्हणालो, "आता मात्र विचारायला हवं."

आर्डिस म्हणाली, "विचार की मग."

बूट घातले. फाट्यापर्यंत चालत गेलो. पण सणाच्या तोंडावर माणसाच्या दारात जाऊन 'तुझं माझ्याशी काय बिनसलंय' असं कसं विचारायचं? परत आलो. आर्डिसने विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "फार थंडी आहे."

२१ फेब्रुवारी
आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो.

सोसायटीने कालच मक्याचं बियाणं आणून शेडमध्ये रचलं. सकाळी मी मोजलं. आमच्या जमिनीला लागतं त्यापेक्षा तीस पोती जास्त. मर्लचा माणूस आळशी, कोणाचं तरी बियाणं माझ्याकडे टाकून गेला. त्या शेतकऱ्याची पेरणी खोळंबायला नको म्हणून ती तीसच्या तीस पोती मी एकट्याने पिकअपवर दोन फेऱ्यांत चढवली आणि सोसायटीत परत नेली. पाठ मोडली.

काउंटरवर सगळे कॉफीला बसले होते. मी म्हणालो, "मर्ल, तुझी चूक मी निस्तरतोय. ही तीस पोती कुणाची ते बघ."

मर्ल म्हणाला, "तुझीच आहेत."

"माझी पेरणी मला ठाऊक नाही? तीस पोती म्हणजे वरचे ऐंशी एकर होतात. कुठून आणू ऐंशी एकर, आकाशातून?"

 मर्लने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय. मग तो काउंटरच्या बाहेर आला, टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाला, "डेल्मर, तुला खरंच ठाऊक नाही? ही आयडेलाबाईंच्या शेताची आहेत. कर्टने ऑगस्टमध्ये ती जमीन कसायला घेतली ना. व्हर्जिलला वकिलाची नोटीस आली. एक मार्चपासून ती तुमच्याकडे."

मी म्हणालो, "ती जमीन व्हर्जिलची आहे."

"व्हर्जिलची होती," मर्ल म्हणाला.

कोणी तरी मला खुर्ची दिली. कोणी तरी कॉफी दिली. सहा महिन्यांत त्या काउंटरवर मला कोणी स्वतःहून कॉफी दिली नव्हती. पोती मी तिथेच ठेवून आलो.

रात्रीच्या जेवणाला आर्डिससमोर बसलो. "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"सप्टेंबरपासून. चर्चमधल्या बायकांनी सांगितलं."

"आणि बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." मग ती रडायला लागली. "डेल्मर, टॅमीचा भाऊ त्यांना डेन्व्हरला बोलावत होता. पोरी गेल्या असत्या. मी काय करायचं होतं?"

मला ठाऊक नाही तिने काय करायचं होतं.

२२ फेब्रुवारी
कर्ट गिरणीतून थेट शेडमध्ये आला. पोत्यांची जागा रिकामी बघून त्याला कळलं.

"आयडेलाबाईंना नाव कुणाचं सांगितलंस?" मी विचारलं.

"आपलं. दोघांचं."

"व्हर्जिलला विचारलंस?"

"विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते?" तो म्हणाला. "बाबा, मी चौतीस वर्षांचा झालो. तुमच्या एवढ्या जमिनीवर दोन घरं चालत नाहीत. आणि त्या ऐंशी एकरांवर आणखी दोघांचा डोळा होता. आज ना उद्या कोणी तरी घेतलीच असती."

"ते दोघे व्हर्जिलचे कोणी लागत नाहीत. तू लागतोस. त्याने तुला ट्रॅक्टर शिकवला."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "रोज त्यांच्या घरावरून जातो मी. तुम्हाला काय वाटतं, मला बघवतं? पण तुम्ही कधी तरी विचारलंत का, की कर्ट, तू पुढे काय करणार? एकदा तरी?"

आठवून बघतोय. खरंच विचारलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी
आयडेलाबाईंकडे गेलो. त्यांनी मला दालचिनीची बिस्किटं दिली आणि म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही दोघांनी आपसांत ठरवलं असेल. व्हर्जिलचे गुडघे दुखतात ना. नोटीस गेल्यावर मी त्याच्या फोनची वाट बघितली. तो काही बोलला नाही. म्हटलं, मग ठीकच असेल."

"तुम्ही का नाही केलात फोन?"

"काय बोलायचं होतं मी?" बाई म्हणाल्या.

या मुलखात देवाने कोणाला तरी तोंड दिलंय की नाही? कागदावर सही तीन वर्षांची आहे. कर्टने करार मोडायचा म्हटला तर तो डेन्व्हरला जाणार. नाही मोडला तर व्हर्जिल कायमचा तुटला. दोन्ही बाजूंनी बरोबर काय ते मला दिसत नाही, आणि चूक मात्र सगळीकडे दिसते.

२७ फेब्रुवारी
ठरलं. माझे उत्तरेकडचे ऐंशी एकर मी व्हर्जिलला कसायला देणार. आयडेलाबाईंच्या जमिनीपेक्षा चांगली आहे, निचरा होतो. कर्ट म्हणाला, "म्हणजे मी होतो तिथेच!" मी म्हणालो, "गिरणी सोड. माझा वाटा तू घे. मला किती लागतं?" आर्डिस म्हणाली, तुम्ही दोघंही वेडे आहात. पण तिने माझा चांगला शर्ट काढून ठेवला.

१ मार्च
ढग. पारा गोठणबिंदूवर.

व्हर्जिल शेडमध्ये पेरणी यंत्राला ग्रीस लावत होता. मी दारातच म्हणालो, "मला ठाऊक नव्हतं."

तो काम करत राहिला. "ऐकलं. मर्लचा फोन आला होता. पोती परत घेऊन गेलास म्हणे." त्याचा ओठ जरासा हलला. "तीसच्या तीस?"

"दोन फेऱ्या."

"पाठ?"

"मोडली. सप्टेंबरातच का नाही रे विचारलंस?"

त्याने ग्रीसची नळी खाली ठेवली. "विचारलं असतं, आणि तू 'हो, ठाऊक होतं' म्हणाला असतास तर? मग माझ्याकडे काय उरलं असतं? विचारलं नाही तोवर झाकली मूठ होती. वेल्मा रोज म्हणायची, जा, विचार. मी म्हणायचो, उद्या."

मला माझं फाट्यावरून परत येणं आठवलं. मी त्याला ते सांगितलं नाही. उत्तरेच्या ऐंशी एकरांचं सांगितलं. यंदापासून, हवी तेवढी वर्षं.

त्याने चिंध्यांना हात पुसले. बराच वेळ पुसले. "चांगली जमीन आहे ती," म्हणाला. "बघू या. पेरणीला अजून वेळ आहे."

मी निघालो. रस्त्यावर गाडी घातली आणि थांबलो. आमच्याकडे 'बघू या' म्हणजे हो असतं, नाही असतं, किंवा आता घरी जा असतं. जन्मभर मी अशी उत्तरं घेऊन घरी गेलोय आणि त्यांचा अर्थ आर्डिसला विचारलाय. गाडी वळवली. शेडमध्ये परत गेलो.

"व्हर्जिल, हो की नाही?"

मी विजार न घालता आलो असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

"नाही," म्हणाला.

"का?"

"मला जमीन नकोच होती रे आता. स्वतःची आहे तेवढी पुरे. गुडघे गेले." तो पेरणी यंत्राच्या चाकावर बसला. "आयडेलाबाईंची आणखी दोन वर्षं करायची होती. मग कर्टला घेऊन त्यांच्या ओट्यावर जायचं, मी स्वतः. म्हणायचं, बाई, हा घ्या नवा माणूस. माझी मुलगी काही शेतीत येत नाही. मग कोणाला देणार होतो? वेल्माला गेल्या ईस्टरलाच सांगितलं होतं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस कधी?"

"दोन वर्षं होती ना अजून," व्हर्जिल म्हणाला.

आम्ही दोघंही रडलो. कोणी बघितलं नाही.

२ मार्च
बर्फ चार इंच.

दुपारी कर्ट आला. "काय म्हणाले?" दारातूनच विचारलं.

'बघू या म्हणाला' असं सांगता आलं असतं. पोरगा आयुष्यभर सुखाने झोपला असता. मी सगळं सांगितलं, ईस्टरसकट.

तो होता तिथेच, आर्डिसने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, चिखलाच्या बुटांनिशी खाली बसला. मग त्याने मान वर केली.

"बाबा, मी आता काय करू?"

चौतीस वर्षांत त्याने हे मला पहिल्यांदा विचारलं. आणि मला ठाऊक नाही. तसंच मी त्याला सांगितलं, आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसलो.